पंचेचाळीस सेंटिमीटर

मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला एक सूचना पाठ असते: फलाट आणि पायदान यांच्यातल्या अंतराकडे लक्ष द्या. ती ऐकून कुणी लक्ष देतं असं नाही. गाडी थांबायच्या आत निम्मे लोक उतरून जिन्याकडे धावत सुटलेले असतात. पण त्या सूचनेतल्या एका शब्दापाशी जरा थांबू या. अंतर. ते आहे किती? ठरवलं कुणी? आणि लक्ष द्यायचं ते उतरणाऱ्यानेच का?

अपंग माणसाच्या रेल्वेप्रवासाबद्दल बोलायला लागलं की गाडी लगेच करुणेच्या रुळावर जाते. या प्रकरणात तसं न करता आपण हातात टेप घेऊ आणि मोजायला लागू.

तीन पायऱ्या एकदम

आपल्या एक्स्प्रेस गाडीच्या डब्याची फरशी रुळाच्या माथ्यापासून साधारण १.३ मीटर उंच असते. फलाट मात्र सगळीकडे एका उंचीचे नसतात. उंच फलाट ७६ ते ८४ सेंटिमीटरचा, मध्यम फलाट जास्तीत जास्त साडेपंचेचाळीस सेंटिमीटरचा, आणि तिसरा प्रकार थेट रुळाच्या पातळीचा. म्हणजे मोठ्या स्टेशनातल्या चांगल्या, उंच फलाटावर उभं राहिलं तरी डब्याची फरशी आपल्यापेक्षा सुमारे ४५ सेंटिमीटर वर राहते.

घरातल्या जिन्याची एक पायरी पंधरा ते सतरा सेंटिमीटरची असते. तेव्हा ४५ सेंटिमीटर म्हणजे तीन पायऱ्या एकदम. मध्यम फलाटावरून पाच. रुळाच्या पातळीच्या फलाटावरून पाहिलं, तर समोर आठेक वर्षांच्या मुलाच्या उंचीची भिंत असते. दाराला लोखंडी पायऱ्या असतात, बाजूला दांड्या असतात. ज्याचे गुडघे आणि मनगटं शाबूत आहेत, तो दांडी धरतो, पाय टाकतो आणि वर जातो. मध्ये काही चढलो हे त्याच्या लक्षातही येत नाही.

व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं दोन सेंटिमीटरच्या उंबऱ्यालाही अडखळतात. मग घडीचा उतार लावू, असं सहज सुचतं. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. माणसाला स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत चढता यावं, यासाठी जगभर मानलं गेलेलं प्रमाण एकास बारा आहे: एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. ४५ सेंटिमीटर चढायला पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांब फळी हवी. ती गाडीला काटकोनात लावली, तर अर्धा फलाट ओलांडून चहाच्या टपरीला टेकेल. म्हणून प्रत्यक्षात दोन मीटरच्या आसपासची फळी लावतात. तिचा चढ इतका उभा होतो की मागून दोघांनी ढकलल्याशिवाय खुर्ची वर जात नाही, आणि उतरताना तर धरूनच ठेवावी लागते.

हेच अंतर पाच सेंटिमीटर असतं, तर साठ सेंटिमीटरची फळी पुरली असती. एका माणसाने एका हाताने आणून टाकावी एवढी. फळीची लांबी, मदतीला लागणारी माणसं, गाडी थांबण्याचा वेळ, हे सगळं त्या एका उंचीतून निघतं.

फलाट का नाही उचलत?

फरशी आणि फलाट एका पातळीवर आणायचे तर मार्ग दोनच: फलाट वर न्या किंवा फरशी खाली आणा.

पहिला मार्ग जपानच्या शिंकानसेनने घेतला. तिचे फलाट १.२५ मीटर उंच, डब्याची फरशी त्याच पातळीत. तिला ते जमलं याचं मुख्य कारण म्हणजे तिचे रूळ तिचेच आहेत. त्यांवरून दुसरं काही जात नाही. दुसरा मार्ग स्वित्झर्लंडने धरला: फलाट ५५ सेंटिमीटरचे आणि गाड्या बुटक्या, दारातली फरशी चाकांच्या मध्ये खाली आणलेली. तिथला अपंगांच्या समानतेचा कायदा २००४ च्या जानेवारीत लागू झाला आणि स्टेशनं सुधारायला वीस वर्षांची मुदत मिळाली. २०२३ संपताना, घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या त्या देशातही सगळी स्टेशनं पूर्ण झालेली नव्हती. एकदा ओतलेलं काँक्रीट बदलणं किती जड जातं, ते यावरून कळावं.

आपल्याकडे त्याच रुळावरून राजधानी जाते, पॅसेंजर जाते, कोळशाची मालगाडी जाते आणि कधी कधी बेढब आकाराची अवजड यंत्रं लादलेली गाडीही जाते. मुंबईत त्यात भर म्हणून बारा फूट रुंदीच्या लोकल. फलाटाची कड या सगळ्यांना मोकळं जाता येईल अशी ठेवावी लागते. शिवाय गाडीची फरशी काही दगडी नसते. डबा भरला की स्प्रिंग दबते आणि चाकंही वापराने झिजतात. फलाट वळणावर असेल तर उभ्या अंतरासोबत आडवी फटही वाढते. म्हणजे अडचण खरी आहे. पण ती माणसाने आखलेल्या मापांची आहे, आणि आखलेलं माप पुन्हा आखता येतं.

याचा पुरावा मुंबईतच सापडतो. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्टेशनात लोकल पकडताना एक कॉलेजची मुलगी फटीत घसरली आणि तिने दोन्ही हात गमावले. त्यानंतर उच्च न्यायालयाने फलाटांच्या उंचीचा प्रश्न लावून धरला. कितीतरी वर्षं ‘होत नाही’ म्हणून सांगितलेलं काम सुरू झालं आणि उपनगरी फलाट नव्वद सेंटिमीटरच्या वर जाऊ लागले. अंतर मिटलं नाही, पण पाऊल रुतून बसावं इतकं ते राहिलं नाही. या गोष्टीला एक कडू बाजूही आहे. मुंबईच्या उपनगरी रुळांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, आणि वाचलेल्यांपैकी कित्येक जण हात किंवा पाय गमावून घरी परततात. अपंगांसाठी राखलेल्या ज्या डब्यात त्यांना नंतर बसायचं असतं, त्या डब्यासाठी माणसं तयार करण्याचं कामही काही अंशी याच फटीने केलं आहे.

साखळीचा सर्वांत कच्चा दुवा

आता एक प्रवास कल्पनेने करून पाहू. तालुक्याच्या गावातली एक शिक्षिका आहे. लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअर वापरते. पुण्याला प्रशिक्षणासाठी निघाली आहे. तिचा प्रवास घरापासून सुरू होतो आणि सभागृहाच्या दारात संपतो. मधला कोणताही एक दुवा तुटला तर बाकीचे दुवे कितीही चांगले असून उपयोग नाही.

पहिला दुवा तिकीट. रेल्वे अस्थिव्यंग असलेल्या प्रवाशाला सेकंड क्लास आणि स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत देते, सोबतच्या माणसालाही तेवढीच. मदत मोलाची आहे. फक्त सवलतीच्या प्रमाणपत्रात डॉक्टरांना एक गोष्ट लिहून द्यावी लागते: ही व्यक्ती सोबत कुणी असल्याशिवाय प्रवास करू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा दुवा पूल. गाडी दोन नंबरवर येणार आणि बाई एक नंबरवर. विजेच्या तारांमुळे पादचारी पूल रुळापासून सहा मीटरहून वर बांधावा लागतो. एकास बारा या प्रमाणात त्याला उतार बांधायचा तर पाऊणशे मीटर लांबी लागेल, आणि मध्ये दम खायला सपाट टप्पे वेगळेच. म्हणून उत्तर लिफ्ट हेच. पण ती दोन्ही फलाटांवर हवी. एकाच बाजूची लिफ्ट म्हणजे चढवून पुलावर सोडून देणं. लिफ्ट नसेल तर फलाटाच्या टोकाला सामानाच्या ढकलगाड्यांसाठी रुळांवरून काढलेली वाट असते. तिथे हमाल म्हणतो, “ताई, पार्सलच्या वाटेने नेतो, गाडीला अजून वेळ आहे.” त्याच्या बोलण्यात आपुलकी असते. पण पार्सलची वाट ती पार्सलचीच.

तिसरा दुवा डबा. मेल-एक्स्प्रेसला गार्डच्या डब्याला जोडून अपंगांसाठी कप्पा असतो: रुंद दार, खुर्चीला जागा, आधाराच्या दांड्या असलेलं मोठं स्वच्छतागृह. कल्पना उत्तम. पण हा डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो. चोवीस डब्यांची गाडी साडेपाचशे मीटरहून लांब असते, त्यामुळे तो अनेकदा फलाटाच्या छपराबाहेर, दिव्याबाहेर, कधी उतरत्या कडेजवळ थांबतो. गाडी थांबते दोन मिनिटं. दार बाहेरून ठोठावावं लागतं, कारण आत आधीच चढलेल्या धडधाकट मंडळींनी कडी लावलेली असते. राखीव डब्यात असं घुसल्याबद्दल रेल्वे कायद्यात पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. दोन मिनिटांत तो वसूल करणारा कुठून आणायचा?

आणि एसीने जायचं असेल तर? जुन्या डब्यांच्या दारातून खुर्ची आत आली तरी बर्थच्या कडेने जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेत अडते. मग दोघांनी उचलून बर्थवर ठेवायचं, खुर्ची घडी करून कुठेतरी कोंबायची. उचलून ठेवलेली वस्तू पुढच्या स्टेशनापर्यंत तिथेच राहते, तशी बाईही राहते. अशा प्रवासाला निघालेली अनेक माणसं सकाळपासून पाणी पीत नाहीत. चहा नको म्हणतात. का, ते डब्याच्या टोकाच्या स्वच्छतागृहाचं दार मोजलं की समजतं.

२०१९ च्या फेब्रुवारीत धावू लागलेल्या वंदे भारतमध्ये यातलं बरंच सुधारलं: दार आपोआप उघडतं, फट झाकायला पायदान बाहेर सरकतं, टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरला जागा आहे, आसनांचे क्रमांक ब्रेलमध्ये आहेत. फलाट मात्र जुनाच आहे, आणि तो फरशीच्या खालीच राहतो.

डोळ्यांनी ऐकायचं, पायांनी वाचायचं

आतापर्यंत आपण चाकांबद्दल बोललो. पण स्टेशन म्हणजे काँक्रीट आणि लोखंड, त्याइतकीच माहितीसुद्धा. ‘गाडी आता चारऐवजी सहा नंबरवर येईल’ ही सूचना फक्त भोंग्यावर झाली, तर कर्णबधिर प्रवासी चार नंबरवर शांतपणे उभा राहतो आणि सगळे का पळताहेत याचा विचार करतो. तीच सूचना फक्त पाटीवर झळकली, तर अंध प्रवाशाची तीच गत. यावरचा नियम सोपा आहे: प्रत्येक माहिती किमान दोन इंद्रियांना कळेल अशी द्या. मुंबईत अपंगांचा डबा जिथे थांबतो, तिथे फलाटावर बीप-बीप करणारं यंत्र बसवलं गेलं ते याच विचाराने. पांढरी काठी घेतलेला माणूस त्या आवाजाच्या रोखाने जाऊन नेमका दारासमोर उभा राहतो.

पायांना वाचता येणारी लिपी जपानने दिली. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या. १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या, आणि तिथून रेल्वेच्या फलाटांवर गेल्या. या लिपीत अक्षरं दोनच. लांबट रेघा म्हणजे ‘चालत राहा’. गोल ठिपके म्हणजे ‘थांब, इथे काहीतरी आहे’: वळण, जिना किंवा फलाटाची कड. रंग पिवळा, कारण ज्यांना अंधुक दिसतं त्यांच्या नजरेला करड्या फरशीवर तो उठून दिसतो.

दोनच अक्षरं असल्यामुळे शुद्धलेखनाची चूक इथे महागात पडते. रेघांची पट्टी सरळ खांबावर जाऊन आपटली, वाटेत खुर्ची ठेवली, पट्टीवर पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचले, किंवा कंत्राटदाराने शोभेसाठी ठिपके आणि रेघा आलटूनपालटून बसवल्या, तर वाचणारा ते खरं मानूनच चालणार. पिवळी फरशी दिसली की काम झालं असं समजणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा डोळे मिटून तिच्यावरून चालून पाहावं.

‘शक्य असेल तेथे’

कायदा आपल्याकडे नाही असं नाही. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. रेल्वेचे डबे आणि स्वच्छतागृहं व्हीलचेअरला सोयीची करावीत, असं त्यात लिहिलं होतं, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला. त्याला धरून २०१६ चा नवा कायदा आला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, आणि वाहतूक सुगम करणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. जुनी वाहनं बदलण्याच्या कलमात मात्र पुन्हा अटी आल्या: तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल, सुरक्षित असेल, परवडणारं असेल आणि रचनेत मोठा बदल करावा लागणार नसेल तर. एवढ्या ‘तर’मधून पंचेचाळीस सेंटिमीटर सहज निसटून जातात. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली.

मधल्या काळात, ३ डिसेंबर २०१५ ला, सुगम्य भारत अभियान सुरू झालं. ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द आला, पाट्या नव्याने रंगल्या. काही स्टेशनांत लिफ्ट आल्या, उतार आले, बॅटरीवरच्या गाड्या आल्या. बरंच काम झालं, पण सुट्या मण्यांसारखं. इथे लिफ्ट, तिथे स्वच्छतागृह, आणि मण्यांत दोरा नाही.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या दोऱ्यालाच हात घातला. ही याचिका २००५ पासून चालू होती. न्यायालयाने म्हटलं की सुगमतेचे नियम नुसत्या मार्गदर्शक सूचनांसारखे लिहिले आहेत आणि ते मूळ कायद्याशी विसंगत आहे. ज्या गोष्टींत तडजोड चालणार नाही, त्यांचे सक्तीचे नियम वेगळे करा, असा आदेश केंद्राला दिला गेला. ‘शक्य असेल तेथे’ आणि ‘केलंच पाहिजे’ यांच्यातलंही एक अंतर असतं, आणि ते टेपने मोजता येत नाही.

कागदावरचा उंबरा

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली बार्ट ही मेट्रो आखली जात होती, तेव्हा मूळ आराखड्यात लिफ्ट नव्हत्या. स्वतः व्हीलचेअर वापरणारे हॅरॉल्ड विल्सन नावाचे गृहस्थ अभियंत्यांच्या मागे लागले. १९७२ मध्ये बार्ट सुरू झाली ती लिफ्टसह. दिल्लीतही असंच घडलं. मेट्रोचे आराखडे होत असताना अपंगांच्या चळवळीतली माणसं दार ठोठावत राहिली, आणि डिसेंबर २००२ मध्ये पहिली गाडी धावली तेव्हा लिफ्ट, स्पर्शफरशी आणि गाडीत खुर्चीची जागा सुरुवातीपासून होती. पुढच्या मेट्रोंनी तोच पायंडा घेतला. मेट्रोचे रूळ फक्त मेट्रोचे. फलाट आणि फरशी एकाच टेबलावर, एकाच कागदावर आखलेली. गाडीखालच्या हवेच्या स्प्रिंग गर्दी वाढली तरी फरशी जवळपास त्याच उंचीवर धरून ठेवतात. कागदावर उंबरा खोडायला एक खोडरबर पुरतं. बांधल्यावर तोच खोडायला रूळ बंद ठेवून ब्लॉक घ्यावा लागतो, गाड्या रद्द कराव्या लागतात, निविदा काढावी लागते.

मेट्रोच्या त्या लिफ्टसमोरची रांग पाहिली तर व्हीलचेअर क्वचित दिसते. गुडघे धरलेल्या आजी असतात, दिवस भरत आलेली बाई असते, पायाला प्लॅस्टर घातलेला पोरगा असतो, दोन बॅगा ओढणारा विद्यार्थी असतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रात. या रांगेतल्या बहुतेकांची नोंद त्यांत नाही.

आता आपल्या शिक्षिकेकडे परत येऊ. पुणे स्टेशनात तिला दोघांनी उचलून उतरवलं. भाऊ सोबत होता म्हणून निभावलं. त्याला एक दिवसाची रजा पडली. स्टेशनाबाहेर मेट्रो आहे. ऑगस्ट २०२३ पासून वनाजकडे जाणारी गाडी तिथून मिळते. ती लिफ्टने वर गेली, फाटकातून आत गेली. गाडी आली, दार उघडलं. फलाट आणि फरशी यांच्यात दोन बोटांची फट. तिने चाकांना एक रेटा दिला आणि आत गेली. भाऊ मागून हात पुढे करून आला होता, तो तसाच राहिला. “दादा, तू आता घरी गेलास तरी चालेल,” ती म्हणाली.

तिचे पाय सकाळी होते तेच होते. खुर्ची तीच, दंडातली ताकद तीच. पर्समध्ये डॉक्टरांची सही असलेला तो कागदही तोच: ही व्यक्ती सोबत कुणी असल्याशिवाय प्रवास करू शकत नाही. डेक्कनच्या पुलावरून गाडी जाताना ते वाक्य साफ खोटं ठरलं होतं. संध्याकाळी परतीच्या फलाटावर ते पुन्हा खरं होणार होतं. डॉक्टरांनी तपासलं होतं बाईला. प्रमाणपत्र मात्र लिहिलं गेलं होतं फलाटाचं.